जा म्हणू नये

१

नळदुर्गात अमरनाथ गुरुजींना ओळखत नाही असा माणूस शोधूनच काढावा लागेल. जन्मभर मराठी शिकवलं, आता निवृत्त झाल्यावर तरी गप्प बसावं की नाही? त्याचं नाव नको! रोज सकाळी चहा झाला की ओट्यावर बसून मोबाईल तोंडाशी धरायचा आणि जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर एक भाषण सोडायचं. विषय ठरलेला, आपण रोज जे बोलतो ते तसं का बोलतो. नारळ फोडला म्हणत नाहीत, वाढवला म्हणतात. बांगडी फुटली तरी वाढली. दुकान बंद करत नाहीत, तेही वाढवतात. दिवा विझवत नाहीत, शांत करतात. "का?" असं गुरुजी ग्रुपला विचारायचे आणि उत्तरही स्वतःच द्यायचे. "भित्रेपणा, दुसरं काय! वाईट शब्द उच्चारला की वाईट घडतं म्हणे. अरे बाबांनो, शब्द म्हणजे तोंडातली हवा."

त्यात त्यांचा सगळ्यात लाडका विषय म्हणजे 'येतो'. निघणाऱ्यानं जातो म्हणायचं नाही, येतो म्हणायचं. दारात उभ्या असलेल्यानं जा म्हणायचं नाही, ये म्हणायचं. गुरुजी हा रिवाज मुद्दाम मोडायचे. कुणाच्या घरून उठले की उंबऱ्यात थांबून खणखणीत आवाजात "बरंय, जातो मी!" आणि घरातल्या बाया तोंडाला पदर लावायच्या. त्यांची थोरली बहीण सिद्धम्मा नवरा वारल्यापासून त्यांच्याकडंच राहायची. ती कपाळावर हात मारून घ्यायची. "तम्मा, तुझ्या जिभेला हाड न्हाय बघ." तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. घर लिंगायताचं, सीमा हाकेच्या अंतरावर, तेव्हा घरात दोन्ही भाषा एकाच ताटात जेवायच्या.

गुरुजींची बायको बऱ्याच वर्षांपूर्वी गेली. मागं एकच लेक, शिवप्रिया. नवऱ्याशी फारकत झाल्यावर तान्ह्या आरोहीला घेऊन ती माहेरी आली आणि जवळच्या एका खेड्यातल्या शाळेवर शिकवायला लागली. रोज सकाळी पायात चपला सरकवत ती म्हणायची, "अप्पा, येते हं."

गुरुजी नाटकातल्या राजासारखा हात वर करायचे. "जा गं, जा!"

"एकदा तरी ये म्हणा की हो."

"जा म्हटलं तरी संध्याकाळी येतेसच ना? मग झालं तर."

ती हसायची. आता सहा वर्षांची झालेली आरोही मात्र ओट्याच्या कडेपर्यंत धावत जायची आणि गल्लीच्या वळणाला आई मागं वळून बघेपर्यंत ओरडत राहायची, "आई, ये! लवकर ये!" तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. सिद्धम्माआजीच्या तोंडून ऐकलं असेल.

२

फाल्गुनात शिवप्रियाला ताप आला. डेंगी निघाला. सोलापूरचा दवाखाना, सलाइनच्या बाटल्या, रक्तासाठी पळापळ, सगळं झालं. लेक काही हाती लागली नाही.

लिंगायतात देह जाळत नाहीत. न्हाऊ घालतात, विभूती लावतात, नवं लुगडं नेसवून बसवतात. बसवूनच नेतात आणि रुद्रभूमीत बसवूनच माती देतात. शिवप्रियालाही तसंच फुलांच्या पालखीत बसवलं होतं. मान जराशी कलली होती. आरोहीला तेवढ्या वेळापुरतं शेजारच्या नीलम्माकडं ठेवलं होतं आणि आई ट्रेनिंगला गेलीय असं सांगितलं होतं. ते गुरुजींनीच ठरवलं. एवढ्याशा लेकराला दुसरं काय सांगणार, आणि कुठल्या तोंडानं?

माणसांनी पालखी उंबऱ्याबाहेर काढली. बायांनी हंबरडा फोडला. आणि गुरुजींचा हात आपसूक वर गेला.

"जा गं, जा!"

तोच सूर, तोच थाट. आपण काय बोललो हे कळलं तेव्हा ते मटकन खाली बसले. बापाचं डोकं ठिकाणावर नाही म्हणून लोकांनी ते मनावर घेतलं नाही. फक्त सिद्धम्मा रडता रडता थांबली आणि भावाकडं बघत राहिली.

३

उन्हाळा लागला. नळाला दोन-चार दिवसांतून एकदा पाणी यायचं, ते पिंपात भरून ठेवायचं. ओट्याच्या पायरीशी, पिंपाजवळ, पाय धुवायला एक शहाबादी फरशी टाकलेली होती. उन्हानं ती दिवसभर तापून कोरडीठाक पडायची.

एकदा दिवेलागणीला गुरुजी बाहेर आले तर फरशी ओली.

"आक्का, पाणी कशाला सांडलंस?"

"म्या कुठं सांडलं? म्या चुलीपाशी हाय," सिद्धम्मा आतून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तीच गत. गुरुजींनी नळ दुरुस्त करणाऱ्या बालाजीला बोलावलं. त्यानं नळ फिरवून बघितला, पिंपाखाली हात घालून बघितला. "गुरुजी, नळाला पाणीच न्हाय तर गळंल काय? अन् पिंप तर ठणठणीत हाय." जाताना तो पैसेही घेईना. लेक गेल्याचं त्याला ठाऊक होतं, म्हाताऱ्याला भास होत असतील असं त्यानं धरलं.

गुरुजींनीही तसंच धरलं. पण मग तांब्याचं काय? पिंपावरचा तांब्या घरात सगळे सुलटा ठेवायचे. पाय धुऊन झाल्यावर पालथा घालायची सवय एकट्या शिवप्रियाची, धूळ बसते म्हणून. गुरुजी रोज सकाळी तो सुलटा करायचे आणि संध्याकाळी तो पालथा असायचा. फरशीच्या कडेला काळ्या चिकट मातीचा ओघळही असायचा, टाचा घासल्यावर निघतो तसा. गल्लीत तर सगळा मुरूम. अशी ओली काळी माती ओढ्यापलीकडं, रुद्रभूमीच्या बाजूला.

मांजर असेल. पोरगी खेळत असेल. गुरुजींनी सगळी कारणं काढून बघितली. शेवटी एका संध्याकाळी ओट्यावर ठाण मांडून बसले. हायवेवरून ट्रकचे हॉर्न येत होते. बराच वेळ काही झालं नाही. सकाळची भाषणं केव्हाच बंद पडली होती, तरी ग्रुपवरच्या कुणीतरी तब्येत विचारली होती. ते वाचायला त्यांनी मान खाली घातली.

तांब्या पिंपात बुडाल्याचा आवाज झाला. मग पाणी पडलं. मग टाचेवर टाच घासल्याचा खरखरीत आवाज, सावकाश, दमलेल्या माणसाचा.

मान वर करेपर्यंत फरशी ओली झालेली होती आणि तांब्या पालथा.

दुःखात कान वाजतात, असं गुरुजी स्वतःला मोठ्यानं म्हणाले. पण खरं सांगायचं तर त्या म्हाताऱ्याला भीतीपेक्षा आनंद झाला होता. दुसऱ्या दिवशी दुपारपासूनच ते संध्याकाळची वाट बघायला लागले. देवा, कुणावर अशी वेळ आणू नकोस.

४

आरोहीचं जेवण कमी झालं होतं. आईची आठवण येत असेल म्हणून घरात कुणी ओरडत नसे. एका रात्री ताटावर बसल्या बसल्या ती म्हणाली, "अज्जा, आईचे पाय लई दुखतात."

गुरुजींनी घास तसाच धरला. "कोण म्हणालं?"

"आईच म्हणाली. बसून बसून अवघडलेत. तिथं तिला आडवंच होऊ देत नाहीत. सारखं बसवून ठेवलंय."

सिद्धम्मानं वाढता वाढता पळी खाली ठेवली. तिच्याकडं बघायची गुरुजींची छाती झाली नाही. लेकीला माती कशी दिली हे आरोहीला कुणी सांगितलं नव्हतं. नीलम्मानं गळ्यातल्या लिंगाला हात लावून, शपथेवर तसं सांगितलं असतं. लेकरानं कुठंतरी, कधीतरी, दुसऱ्या कुणाची अंत्ययात्रा पाहिली असेल. असेल. त्यांनी घास परत ताटात ठेवला.

"कुठं भेटली तुला आई?"

"रोज येते की. पाय धुते."

"मग आत का येत नाही?"

"मी म्हटलं ये. तर म्हणते, आत आले की मला परत निघवायचं नाही." आरोहीनं भाताचा एक गोळा केला, मोडला. "म्हणते, तूच चल माझ्यासंगं. तू मांडीवर बसलीस की पाय दुखायचे नाहीत."

५

त्या दिवसापासून गुरुजींनी संध्याकाळचा आनंद सोडून दिला. सूर्य कलला की पोरीला आत घ्यायचं आणि दाराला कडी. सिद्धम्मा दिवा लावायची, गुरुजी नातीला पाढे म्हणायला लावायचे, बाहेर पाणी पडायचं आणि पाढे म्हणता म्हणता पोरीचे डोळे दाराकडं वळायचे.

एके दिवशी दिवेलागणीच्या जरा आधी सिद्धम्मा गोठ्यातून गोवऱ्या आणायला मागच्या दारानं गेली आणि गुरुजी चष्मा शोधायला आतल्या खोलीत. चष्मा कपाळावरच होता. बाहेर येऊन बघतात तो कडी निघालेली, दार सताड उघडं आणि ओटा रिकामा.

गुरुजी अनवाणी धावले. गल्ली संपली, शेवटचं घर मागं पडलं, ओढ्याकडं उतरणारी पायवाट लागली. त्या उतारावर आरोही चालत होती. रमत गमत, अधूनमधून मान वर करून काही बोलत. तिचा उजवा हात डोक्याच्या वर होता, मोठ्या माणसाचं बोट धरून चालताना असतो तसा. त्या हाताच्या वर काही नव्हतं. धुळीत मात्र तिच्या इवल्या पावलांशेजारून ओली पावलं उमटत चालली होती.

"आरोही!"

गुरुजींनी तिला मागून कवेत घेतलं आणि ओढलं. पोर आली, पण तिचा हात येईना. तो तसाच पुढं ताणलेला राहिला, खांद्यातून निखळतो की काय असा. "दुखतंय अज्जा, सोडा की," पोरगी कळवळली. गुरुजींनी सोडलं नाही. जीव खाऊन ओढत राहिले, आणि मग पलीकडून हात सुटला. हिसका बसून सुटला नाही. लेकराला दुखतंय हे आईला कळावं आणि तिनं आपणहून सोडावं, तसा सुटला.

गुरुजी नातीला उचलून घराकडं पळत सुटले. ते तेव्हा रडत होते ते भीतीनं नाही. आरोहीचा तळवा गार पडला होता आणि बोटांच्या बेचक्यांत काळी माती होती.

६

"तुलाबी ऐकू येतं ना?" गुरुजींनी बहिणीला विचारलं. आरोही झोपली होती.

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तू हसला असतास."

गुरुजींनी झोपलेल्या नातीकडं बघितलं. म्हणाले, "पोरीला घेऊन सोलापूरला जाऊ. मामेभावाकडं."

"ती रुद्रभूमीपासून चालत येती, तम्मा. सोलापूरलाबी चालत येईल. आणिक पाय दुखतील लेकराचे." सिद्धम्मानं डोळ्यांना पदर लावला. "तिचं काय चुकलं? बाप रोज जा म्हणायचा, ती संध्याकाळी घरी यायची. त्या दिवशीबी तू तसंच म्हणालास. ती तशीच आली."

"मग मीच म्हणतो आता. नीट म्हणतो."

दुसऱ्या दिवशी बाहेर पाणी पडायला लागलं तसे गुरुजी बंद दारापाशी उभे राहिले. दोनदा घसा खाकरला. "शिवा," ते म्हणाले, "जा बाळा आता. जा."

पाण्याचा आवाज थांबला. आणि मग बाहेर कुणीतरी हसलं. हळू, दमलेलं, ओळखीचं हसू. रोज सकाळचं. गुरुजींनी दाराच्या फटीला डोळा लावला. फार काही दिसलं नाही. नव्या लुगड्याचा चिखलानं जड झालेला काठ दिसला आणि एका पायावर घासणारा दुसरा पाय. टाचेवर विभूतीचा पांढुरका पट्टा होता. पाय घासत होता, घासत होता आणि पट्टा निघत नव्हता.

गुरुजी फटीपासून मागं सरले आणि भिंतीला टेकून बसले. जन्मभर ते सांगत आले होते की माणसं भीतीपोटी जा म्हणत नाहीत. आता त्यांना वाटलं, भीती कसली? हा शब्द कुणीतरी फार पूर्वी एकाच दिवसासाठी बाजूला काढून ठेवला असणार. जन्मात एकदाच लागतो तो. एरवी वापरायचा नाही, म्हणजे लागेल तेव्हा त्यात जोर उरतो. त्यांनी तो रोज सकाळी चहासोबत उडवला होता, आणि आता लेकीला जा म्हटलं तर तिला त्यात घरी बोलावल्यासारखं ऐकू येत होतं. खरंखोटं कोण सांगणार. पण दुसऱ्या दिवशी ती ऊन असतानाच आली.

"आक्का, तू म्हणून बघ."

"म्या रोज म्हणते. मागच्या दाराशी उभी राहून, हात जोडून म्हणते." सिद्धम्मानं पदर खोचला. "माझ्यासाठी न्हाय येत ती, तम्मा. तुझ्यासाठीबी न्हाय. जिच्यासाठी येती तिनं म्हणाया पाहिजे."

कोपऱ्यात आरोही पाटीवर घर काढत बसली होती. दोघांनीही तिच्याकडं बघितलं आणि दोघांनीही मान फिरवली.

७

त्या दुपारी गुरुजींनी पाटी बाजूला ठेवली. नातीला मांडीवर घेतलं. तिचे केस नीट केले, विस्कटले, पुन्हा नीट केले.

"आरू, आई ट्रेनिंगला नाही गेली. मी खोटं सांगितलं. आई वारली, बाळा."

आरोहीनं ऐकून घेतलं. "पण येते की ती."

"येते. म्हणून तर तिला झोप नाही. तिचे पाय दुखतात ना? तू जा म्हणालीस की तिला आडवं होता येईल. छान झोप लागेल."

"मग उद्या येईल?"

गुरुजींना खोटं बोलता आलं असतं. पोरीनं लगेच ऐकलं असतं. "नाही," ते म्हणाले.

"परवा?"

"नाही गं राणी."

"तुम्हीच म्हणा मग."

"माझं नाही ऐकत ती."

"मला नाही म्हणायचं!" आरोहीनं मांडीवरून उडी मारली, भिंतीकडं तोंड करून उभी राहिली आणि कुणी हात लावला की अंग चोरायला लागली. गुरुजींनी पुन्हा विषय काढला नाही. सिद्धम्मानं केलेला शिरा तसाच ताटात निवला. ऊन ओट्यावरून उतरलं.

तांब्या पिंपात बुडाला.

पाणी पडत होतं. टाच टाचेवर घासत होती. आज फार वेळ घासत होती, मधेच थांबत होती, पुन्हा लागत होती. आरोही भिंतीपाशी तशीच उभी राहून ऐकत होती. मग ती आपणहून वळली आणि दारापाशी गेली. गुरुजी तिच्यामागं जाऊन गुडघ्यांवर बसले.

"आई," ती दाराला तोंड लावून म्हणाली, "लई दुखतात का गं?"

बाहेरचं सगळं थांबलं. दाराच्या पलीकडं, अगदी लागून, कुणीतरी खाली वाकल्यासारखं लुगडं सळसळलं. खालच्या फटीतून ओल्या मातीचा गार वास आत आला. सिद्धम्मा दिव्यापाशी बसली होती, तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला.

आरोहीनं दारावर हात ठेवला.

"आई, तू जा."

कुणी हसलं नाही. किती तरी वेळ काहीच झालं नाही. मग तांब्या फरशीवर ठेवल्याचा हळू आवाज झाला आणि पावलं पायरीवरून निघाली. एक पाऊल नीट पडत होतं, दुसरं ओढल्यासारखं. गल्लीतून जात होती. ऐकणाऱ्याचं आतडं पिळवटावं इतकी सावकाश जात होती.

वळणाशी पावलं थांबली.

गुरुजींच्या छातीला टेकलेली ती एवढीशी पाठ फुगली. पोरीनं श्वास भरून घेतला होता. त्यांनी तिला घट्ट आवळलं आणि तिच्या तोंडावर हात दाबला.

आरोही तडफडली. लाथा झाडल्या, नखं मारली. त्यांच्या तळहातात ऊन ऊन वाफ आदळत होती. पुन्हा पुन्हा तीच एक हाक, तेवढंच एक अक्षर. गुरुजींच्या स्वतःच्या तोंडातही तेच भरून आलं होतं. लेक वळणावर उभी होती, मागं बघत असणार. आयुष्यात एकदाही तिला जे म्हटलं नाही ते त्यांनी दात आवळून आत धरलं.

खूप वेळानं वळणावरचं पाऊल उचललं गेलं. मग दुसरं. मग फक्त हायवेवरचे ट्रक राहिले.

पोरीचे दात तळहातात रुतले होते, रक्त मनगटावरून कोपराकडं चाललं होतं. "सोड तम्मा, तिचा जीव गुदमरंल," सिद्धम्मा म्हणाली. गुरुजींनी नातीला श्वास घेता येईल एवढीच बोटं सैल केली. हात काढला नाही.